पराभूताचें चरित्र

आमच्या मेहरूणचीं बोरें खानदेशाबाहेरहि नांवाजलेलीं आहेत. परगांवच्या एखाद्या पाहुण्यानें दुसऱ्या गांवच्या बोरांची स्तुति आमच्यासमोर केली, तर आम्ही तोंडानें तिचें खंडन करीत नाहीं. हंगाम आला म्हणजे त्याच्या घरीं एक टोपली तेवढी पाठवून देतों. गांवाभिमानाचा हा सौम्य प्रकार होय. त्याला भर आलेला मीं पाहिला तो २००७ सालच्या जुलै महिन्यांत. २१ तारखेस राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला, आणि आमच्याच जिल्ह्यांत नाडगांवीं जन्मलेल्या, जळगांवच्या मूळजी जेठा महाविद्यालयांत शिकलेल्या प्रतिभाताई पाटील भारताच्या पहिल्या स्त्री-राष्ट्रपति झाल्या. त्या आनंदांत मीहि वांटेकरी होतों, आणि आजहि त्या दिवसाची आठवण मला सुखावते.

पुढें कांहीं वर्षांनीं माझी नात शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेसाठीं ताईंवर भाषण तयार करीत होती. १९६२ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, जळगांवांतून विधानसभेवर निवड. पुढें एदलाबादेहून चार वेळां. मग मंत्रिपद, विरोधी पक्षाचें नेतेपद, राज्यसभा, लोकसभा, राजस्थानचें राज्यपालपद, असा सगळा क्रम तिनें पाठ केला होता. मध्येंच थांबून तिनें विचारलें, “आजोबा, पण त्यांच्याविरुद्ध उभं कोण होतं?”

“शेखावत,” मी म्हणालों.

“असं कसं, मामंजी? शेखावत तर ताईंचे यजमान!” स्वयंपाकघरांतून सूनबाईनें हरकत घेतली.

सूनबाईचा घोटाळा क्षम्य होता. ताईंच्या यजमानांचें नांव देवीसिंह शेखावत, आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या वडिलांचें नांवहि देवीसिंहच. परंतु त्या घोटाळ्यानें एक गोष्ट उघड झाली. जो मनुष्य जवळ जवळ पांच वर्षें या देशाचा उपराष्ट्रपति होता, त्याचें आडनांवापलीकडचें चरित्र आमच्यासारख्या चार पुस्तकें बाळगणाऱ्या घरांतहि कोणी कधीं काढून पाहिलें नव्हतें. नातीला उत्तर द्यावयाचें म्हणून मीं तें पाहिलें, आणि पाहतां पाहतां त्यांत रमून गेलों.

भैरोंसिंह शेखावत यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२३ रोजीं, राजस्थानांतील सीकर भागांत, खाचरियावास या खेड्यांत झाला. वडील शिक्षक. शाळेचें शिक्षण संपतें न संपतें तों वडील वारले आणि महाविद्यालयाची वाट बंद झाली. कुटुंबाच्या पोटासाठीं त्यांनीं शेती केली, पोलिसांत फौजदारकी केली. स्वतंत्र भारताच्या पहिल्याच निवडणुकींत, १९५२ सालीं, जनसंघाचे उमेदवार म्हणून ते राजस्थानच्या विधानसभेंत शिरले.

येथें त्यांची पहिली कसोटी लागली. राजस्थानांत तेव्हां जहागिरदारी नष्ट करण्याचा प्रश्न ऐरणीवर होता. शेखावत जातीनें राजपूत. ज्यांच्या जमिनी जावयाच्या होत्या ते बहुतेक त्यांचेच जातभाई, आणि पक्षांतले सोबतीहि बरेचसे त्याच वर्गांतले. आपल्याकडे कूळकायद्याच्या वेळीं घराघरांत जी धुसफूस झाली ती ज्यांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना या प्रसंगाचा कडूपणा सांगावयास नको. शेखावतांनीं जमीन कसणाऱ्याची बाजू घेतली. ज्या माणसास पुढें आयुष्यभर राजकारण करावयाचें होतें, त्यानें आरंभींच आपल्या भाऊबंदांचा रोष ओढवून घेतला.

अशीच दुसरी कसोटी पस्तीस वर्षांनीं आली. सप्टेंबर १९८७ मध्यें, त्यांच्याच सीकर जिल्ह्यांत, देवराळा गांवीं अठरा वर्षांची एक विधवा पतीच्या चितेवर जळाली. तिच्या नांवाचा जयघोष करीत हजारोंचा जमाव लोटला. कुळाची अब्रू, पूर्वजांची परंपरा, राजपुतांचा मान, अशा मोठमोठ्या शब्दांचा त्या वेळीं नुसता धुरळा उडाला होता. त्या धुरळ्यांत बहुतेक पुढारी डोळे मिटून बसले. शेखावतांनीं सतीच्या प्रथेचा उघड निषेध केला. आपल्या माणसांना आवडेल तें बोलण्यास धैर्य लागत नाहीं. त्यांना न आवडणारें, पण त्यांच्याच लेकीसुनांच्या हिताचें, तें त्यांच्याच अंगणांत उभें राहून सांगण्यास मात्र लागतें.

या दोन कसोट्यांच्या मधल्या काळांत आणीबाणीचा तुरुंगवास झाला, आणि १९७७ सालीं ते राजस्थानचे पहिले बिगर-काँग्रेसी मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षीं गांधीजयंतीस त्यांनीं अंत्योदय योजना सुरू केली. तिची कल्पना अगदीं साधी होती: प्रत्येक खेड्यांतील सर्वांत दरिद्री अशीं पांच कुटुंबें आधीं शोधून काढावयाचीं, आणि सरकारची मदत प्रथम त्यांच्या दारीं न्यावयाची. रांगेंतल्या शेवटच्या माणसापासून आरंभ करण्याचा हा विचार वडिलांमागें शिक्षण सोडाव्या लागलेल्या मुलालाच सुचावा, यांत मला नवल वाटत नाहीं. ते कोणी साधुपुरुष होते असें मात्र नव्हे. आघाड्या जुळविण्याच्या विद्येंत ते चांगलेच मुरलेले होते. १९८० सालीं आणि पुन्हां १९९२ सालीं त्यांचें सरकार केंद्रानें बडतर्फ केलें, तरी १९९३ सालीं ते तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले आणि १९९८ पर्यंत टिकले.

उपराष्ट्रपतिपद त्यांना २००२ सालीं मिळालें. त्या निवडणुकींत त्यांच्यासमोर आमच्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे होते. ४५४ विरुद्ध ३०५ मतांनीं शेखावत निवडून आले. हें पदहि मोठें चमत्कारिक आहे. मानानें देशांत दुसरें. परंतु उपराष्ट्रपति म्हणून वेगळें वेतन नाहीं, जें मिळतें तें राज्यसभेचे सभापति म्हणून. त्या सभापतीनें सर्वांचें ऐकावयाचें, स्वतः वादांत पडावयाचें नाहीं, आणि मत द्यावयाचें तेंहि दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच. पन्नास वर्षें सभागृहांत झुंजलेल्या मनुष्यास मौनाची ही खुर्ची अवघड गेली असेल. 

गंमत अशी कीं, या खुर्चीशीं आमच्या ताईंचा परिचय त्यांच्याहि आधींचा. १९८६ पासून त्या राज्यसभेच्या उपसभापति होत्या. उपराष्ट्रपति वेंकटरमण १९८७ सालीं राष्ट्रपति झाले, तेव्हां शंकरदयाळ शर्मा येईपर्यंत, २५ जुलै ते २ सप्टेंबर, सभापतीचें काम त्यांनींच पाहिलें. पुढें २००४ सालीं त्या राज्यपाल झाल्या, त्याहि शेखावतांच्याच राजस्थानच्या. तेव्हां २००७ ची लढत ही दोन अपरिचितांची नव्हती. एकाच वाटेनें चाललेले हे दोन प्रवासी होते.

त्या लढतींत मराठी माणूस हा मुद्दा निघाला. शिवसेना शेखावतांना पाठिंबा देणाऱ्या आघाडींतली. पण तिनें आपल्या मित्रपक्षांना सोडून ताईंना मतें दिलीं. आम्हांला तें गोड वाटलें, आणि वाटावें यांत गैर कांहीं नाहीं. ताईंचा विजयहि तेवढ्यावर अवलंबून नव्हता. ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ असें मतमूल्य पडलें, म्हणजे अंतर तीन लाखांहून अधिक. तरीहि एक गोष्ट मनांत राहते. ज्यानें आयुष्यांत दोनदां ‘आपला माणूस’ या हांकेस नकार दिला, त्याच्याच विरुद्ध शेवटच्या लढतींत तीच हांक उठली.

निकाल लागला त्याच दिवशीं शेखावतांनीं उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. मुदत संपावयास महिनाहि उरला नव्हता. बसून राहते तर कोणी हरकत घेतली नसती. १५ मे २०१० रोजीं जयपुरास त्यांचें निधन झालें, तेव्हां राष्ट्रपतिभवनांत ताई होत्या.

मुलांना आपण मोठ्यांचीं चरित्रें सांगतों तीं एखाद्या शिडीसारखीं: ही पायरी, मग ती पायरी, आणि शेवटीं शिखर. त्यांत दुसऱ्या कोणाला जागाच नसते. त्यामुळें विजय म्हणजे जणूं रिकाम्या मैदानांत मिळालेली वस्तु, असा मुलांचा समज होतो. आणि पुढें स्वतः कधीं हरण्याची पाळी आली म्हणजे आपल्या नांवाला यापुढें जागा नाहीं, असें त्यांना वाटूं लागतें. नातीला मीं सांगितलें तें इतकेंच, कीं ताईंचें मोठेपण सांगावयाचें असेल तर त्यांनीं ज्यांना हरविलें ते केवढे होते हेंहि सांग. तिनें भाषणांत चार वाक्यें वाढविलीं. सूनबाईनें तीं ऐकलीं, आणि खाचरियावासच्या त्या मास्तरांच्या मुलाविषयीं आणखी विचारावयास लागली.