न मोजायचं सत्र

मार्च २०२० मध्ये, करोनाची साथ पसरत असताना, जर्मनीतल्या तीन प्राध्यापिकांनी एक खुलं पत्र काढलं. ट्रिअरच्या आंद्रेआ गायर, हानोफरच्या रूथ मायर आणि म्युनिकच्या पाउला-इरेने व्हिला ब्रास्लाव्स्की. येणारं उन्हाळी सत्र ‘निख्टसेमेस्टर’ धरावं, अशी त्यांची मागणी होती. वर्ग होतील, ज्यांना जमेल ते शिकतील, परीक्षाही देतील, पण ते सत्र कुणाच्या खात्यावर चढणार नाही. पदवीची मुदत, शिष्यवृत्तीची मुदत, कंत्राटी अध्यापकांची मुदत, सगळ्यांची घड्याळं तेवढा काळ थांबलेली असतील. हजारो लोकांनी सह्या केल्या, माझ्या जवळच्या सहकाऱ्यांनीही केल्या. मी केली नाही, आणि विभागाच्या बैठकीत त्या मागणीविरुद्ध बोलले.

नॉर्थ राइन-वेस्टफालियातल्या एका विद्यापीठात मी पहिल्या वर्षाच्या मुलांना यंत्रशास्त्राची मूलतत्त्वं शिकवते: बलं, आघूर्ण, तुळया, चौकटी. हा विषय दर वर्षी पुष्कळ मुलांना अडकवतो. मी वाढले ती साताऱ्याकडच्या एका शिक्षकाच्या घरात. वडिलांच्या लेखी ढकलपास होण्यापेक्षा नापास होणं बरं. नापास झालेला मुलगा पुन्हा अभ्यासाला बसतो, ढकललेल्याचं कच्चेपण जन्मभर त्याच्याबरोबर राहतं, असं ते म्हणायचे. हे मी नुसतं ऐकलं नव्हतं, मनापासून मानलं होतं. त्यामुळे न मोजायचं सत्र म्हणजे सभ्य भाषेतली ढकलपाशी, असंच मला वाटलं. शिवाय याचा तोटा गरीब घरच्या मुलांनाच होईल असाही माझा मुद्दा होता. ज्यांच्यामागे पैसा आहे त्यांचं एक सत्र गेलं काय आणि राहिलं काय, पण ज्यांना लवकर कमवायला लागायचं आहे त्यांना आपण वेळेत शिकवून मोकळं केलं पाहिजे. या मुद्द्यातली कळकळ खरी होती, म्हणून तो सोडायला मला इतका वेळ लागला.

एप्रिलच्या सुरुवातीला राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं की उन्हाळी सत्र होणार. आमच्या राज्यात वर्ग २० एप्रिलला सुरू व्हायचे होते. शाळा-कॉलेजं बंद झाल्यापासून जेमतेम पाच आठवडे हातात होते. त्या पाच आठवड्यांत आमची सगळी ताकद यंत्रणेत गेली. संशोधन संस्थांसाठीच्या डीएफएन या राष्ट्रीय जाळ्याची बैठकसेवा एवढ्या लोकांचा भार पेलेना. मग झूमचे परवाने घ्यायचे की बिगब्लूबटन आपल्याच सर्व्हरवर चालवायचं, यावर वाद झाले. बर्लिनच्या माहिती-संरक्षण आयुक्तांनी अनेक लोकप्रिय सेवांवर आक्षेप घेतले, तेव्हा वकिलांची मतं मागवली गेली. मूडल या शिक्षण-मंचावर एका वेळी किती जण चढू शकतील याच्या चाचण्या झाल्या. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून व्याख्यानं चित्रित केली, टॅबलेटवर तुळयांच्या आकृत्या काढायला शिकले. आणि २० एप्रिलला वर्ग सुरू झाले. इतका मोठा देश, शेकडो उच्चशिक्षण संस्था, आणि सत्र सुरू झालं! मला फार अभिमान वाटला. आपण जिंकलो, असं मी घरी फोनवर सांगितलं.

यंत्रणा मोडली तर काय होतं हेही आम्ही जवळून पाहत होतो. डिसेंबर २०१९ मध्ये गीसनच्या विद्यापीठावर सायबर हल्ला झाला होता. तिथे सुमारे ३८,००० पासवर्ड ओळखपत्र तपासून, प्रत्यक्ष रांगा लावून वाटावे लागले. मे २०२० मध्ये, ऐन ऑनलाइन सत्रात, बोखुमच्या रूर विद्यापीठावर तसाच हल्ला झाला आणि बऱ्याच यंत्रणा बंद ठेवाव्या लागल्या. त्यामुळे खरा धोका सर्व्हरला आहे, असंच आम्हा सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं.

जून महिन्यात एक मुलगा माझ्या ऑनलाइन भेटीच्या तासाला आला. मराठवाड्यातला, पुण्यात इंजिनिअरिंगची दोन वर्षं अर्धवट सोडून इथे पदवीला आलेला. आडनावावरून ओळखून तो थेट मराठीत बोलू लागला.

“मॅडम, तुमचे व्हिडिओ सगळे डाउनलोड केलेत. बघायला वेळ मिळंना.”

“का रे, घरीच आहेस ना?”

“घरी कुठं! रेस्टॉरंट बंद झालं, तिथली नोकरी गेली. आता गोदामात रात्रपाळी मिळाली. दिवसा झोपू का लेक्चर बघू? आणि मॅडम, माझा हा तिसरा अटेम्प्ट आहे.”

जर्मनीत तिसऱ्या प्रयत्नाला किती वजन आहे ते महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवं. आपल्याकडे एटीकेटी असते, विषय मागे राहतो, पुन्हा पुन्हा देता येतो. इथे बहुतेक अभ्यासक्रमांत सक्तीच्या विषयाला तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झालं की विद्यापीठातून नाव कमी होतं, आणि सहसा देशातल्या दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात तोच अभ्यासक्रम पुन्हा घेता येत नाही. परदेशी विद्यार्थ्याचा राहण्याचा परवाना अभ्यासातल्या प्रगतीवर टांगलेला. येताना त्याने राहण्या-खाण्याच्या खर्चाची हमी म्हणून बंद खात्यात तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्षाचे १०,२३६ युरो भरलेले, ते बहुतेक वेळा बापाने जमीन किंवा घर गहाण ठेवून काढलेले. काम करायची मुभा तेव्हा वर्षाला १२० पूर्ण दिवस होती. बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये शिकत असेल तर युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो शुल्क वेगळं. जर्मन मुलांचंही फार निराळं नव्हतं. २०१६ च्या देशव्यापी पाहणीत तीनपैकी दोन विद्यार्थी कमावत शिकणारे निघाले होते, आणि बाफ्योग ही सरकारी मदत साधारणपणे अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या मुदतीपुरतीच मिळायची. केंद्र सरकारची तातडीची मदत आली ती जूनच्या मध्यावर, सत्राचे दोन महिने उलटल्यावर. महिन्याला १०० ते ५०० युरो, तेही बँकेचं खातं जवळजवळ रिकामं असल्याचं दाखवलं तर.

मी त्या मुलाला म्हटलं, “अरे, या वेळी नापास झालास तरी तो अटेम्प्ट धरणार नाहीत. तुला माहीत नाही का?”

त्याला माहीत नव्हतं. तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “म्हणजे मी परीक्षेला बसू शकतो?”

आमच्या राज्याने एप्रिलमध्येच वटहुकूमाने ठरवलं होतं की या काळात दिलेल्या परीक्षेत अपयश आलं तर ती दिलीच नाही असं समजायचं, आणि उन्हाळी सत्रात नाव असलेल्या प्रत्येकाची मुदत एका सत्राने वाढवायची. मुदत वाढली की बाफ्योगही वाढत होता. पुढे हीच सवलत २०२१-२२ च्या हिवाळी सत्रापर्यंत चालली. म्हणजे मी ज्या मागणीविरुद्ध बोलले होते तिचा मोठा भाग माझ्याच राज्यात कायदा झाला होता. एका ओळीच्या या नियमाने त्या मुलासाठी जे केलं, ते माझ्या सगळ्या चित्रफितींनी मिळून केलं नव्हतं.

तरी मन लगेच पालटलं नाही. ऑगस्टमध्ये क्रीडागृहात अंतर सोडून बाकं मांडली आणि लेखी परीक्षा घेतली. फुकटचा प्रयत्न म्हणून अर्धा वर्ग नशीब आजमावायला येईल, अशी माझी भीती होती. काही आले खरे, कोरे पेपर ठेवून गेले. पण बाकीच्यांचे पेपर तपासताना मला जाणवलं की भीती कमी झाली म्हणून अभ्यास सुटलेला नाही. तिसऱ्या प्रयत्नाच्या धास्तीने मुलं एरवी परीक्षाच पुढे ढकलत राहतात, नाव नोंदवतात आणि शेवटच्या दिवशी मागे घेतात. या वेळी ती बसली. चुका केल्या, पेपर बघायला आली, आपली चूक कुठे झाली ते विचारलं. शिकणं म्हणतात ते हेच तर होतं. वडिलांचं म्हणणं मला तेव्हा नव्याने कळलं. नापास होऊन पुन्हा बसणं चांगलं, हे ते म्हणत. पण पुन्हा बसता आलं पाहिजे ही अट त्यांनी गृहीतच धरली होती.

या सवलतीची किंमतही मोजावी लागली, ती लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षांच्या विषयांत काही मुलांचा पाया कच्चा निघाला, आणि रखडलेल्या परीक्षांचा ढीग काहींच्या अंगावर एकदम कोसळला. त्यांना वेळ दिला, पण त्या वेळात सोबत दिली नाही.

दूरस्थ शिक्षण म्हणजे काय हे या देशात एका विद्यापीठाला आमच्या आधीपासून माहीत होतं. हागेनचं फेर्नयुनिव्हर्सिटेट १९७४ मध्ये स्थापन झालं. आमच्याच राज्यातलं, आगगाडीने तासा-दीड तासावरचं. तिथे टपालाने पाठ्यपुस्तिका पाठवण्यापासून सुरुवात झाली होती. त्यांचे बहुतेक विद्यार्थी नोकरी करून, अर्धवेळ नाव नोंदवून शिकणारे. एक विषय या सत्रात, एक पुढच्या, मुलं लहान असतील तर त्याहून सावकाश. मार्च २०२० मध्ये आम्ही सगळ्यांनी त्यांना सॉफ्टवेअरबद्दल विचारलं असेल-नसेल. विचारायला हवं होतं ते वेळाबद्दल. दूर राहून शिकणाऱ्याचं आयुष्य त्याच्या अभ्यासात सारखं घुसतं, म्हणून तिथे अभ्यासाची मुदत आधीच सैल ठेवलेली असते. आम्ही दूरचं शिक्षण घेतलं आणि जवळच्या शिक्षणाची कडक मुदत तशीच ठेवायला निघालो होतो.

जून २०२० मध्ये दुसरं एक पत्र निघालं, प्रत्यक्ष अध्यापनाच्या बचावासाठी. विद्यापीठ ही माणसं भेटण्याची जागा आहे, ऑनलाइन हा पर्याय कायमचा होऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर मी सही केली आणि ती आजही मागे घेणार नाही. पडद्यावरच्या काळ्या चौकोनांशी बोलून बोलून माझा आवाज मलाच परका वाटायला लागला होता. पण आता दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचते तेव्हा पहिलं मोठं वाटतं. दुसऱ्यात आम्हा शिकवणाऱ्यांची तळमळ जास्त आहे, पहिल्यात गोदामातला मुलगा दिसतो.

त्याच उन्हाळ्यात महाराष्ट्रात अंतिम वर्षाच्या परीक्षांवरून रण माजलं होतं. राज्य सरकारला परीक्षा नको होत्या, विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलैत त्या सक्तीच्या केल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ ऑगस्टला निकाल आला की परीक्षेशिवाय पदवी नाही. फोनवर वडील आयोगाच्या बाजूने, माझा कोल्हापूरचा भाचा सरकारच्या बाजूने. परीक्षा घ्या किंवा घेऊ नका, एवढ्या दोनच टोकांवर सगळी चर्चा अडकली होती. परीक्षा घ्या, उत्तीर्ण होणाऱ्याला पूर्ण श्रेय द्या आणि अडखळणाऱ्याचा प्रयत्न धरू नका, हा तिसरा रस्ता आमच्याकडे चालू होता. तो मी घरी नीट समजावून सांगू शकले असते. तेव्हा माझाच त्यावर पुरता विश्वास बसलेला नव्हता.

असं अचानक ऑनलाइन जाण्याची वेळ एकदाच येते असंही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये डुइसबुर्ग-एसन विद्यापीठावर मोठा सायबर हल्ला झाला. त्याच हिवाळ्यात गॅस वाचवण्यासाठी काही विद्यापीठांनी नाताळच्या सुमारास इमारती बंद ठेवल्या. दर वेळी पहिली बैठक भरते ती संगणक विभागाची.

आमच्या परीक्षा समितीपुढे मी एक कलम मांडलं आहे: अध्यापनाचं स्वरूप चालू सत्रात किंवा त्याच्या तोंडावर बदलावं लागलं, तर त्या सत्रातले अयशस्वी प्रयत्न कुणी अर्ज न करता आपोआप वगळले जावेत. अर्ज नको, यावर माझा भर आहे, कारण ज्याला सवलतीची सगळ्यांत जास्त गरज असते त्यालाच ती असल्याचं ठाऊक नसतं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आक्षेप घेतला की अशाने पदवीची पत जाईल. मी २०२० मध्ये वापरले होते जवळजवळ तेच शब्द. मी त्यांना त्या ऑगस्टमधले पेपर काढून बघायला सांगितलं आहे. पुढची बैठक हिवाळी सत्रात आहे.