पाळलेली पाल आणि मुलाचे जुलाब

नगरमधल्या माझ्या दवाखान्यात चार वर्षांचा एक मुलगा ताप-जुलाबासाठी दुसऱ्यांदा आला. पाणी, बाहेरचं खाणं, सगळं विचारलं होतं. घरात प्राणी आहे का, हे मात्र पहिल्या वेळी विचारलंच नव्हतं.

"थोरल्याने पाल पाळलीय, डॉक्टर," आई म्हणाली. लेपर्ड गेको! शौचाच्या तपासणीत साल्मोनेला जंतू निघाले. मुलगा बरा झाला, माझी चूक माझ्या लक्षात राहिली.

"मी तिची शी रोज बघतो, चांगली असते," थोरला म्हणाला. सवय योग्यच. निरोगी गेकोच्या विष्ठेचा गडद भाग घट्ट असतो. सोबतचा पांढरा भाग म्हणजे युरिक ॲसिड, तिची लघवीच. नगरच्या थंडीत पेटीत ऊब नसेल तर पचन मंदावतं. शी पातळ झाली, न पचलेले किडे दिसले किंवा शेपटी बारीक होऊ लागली, तर पशुवैद्यांना दाखवा. तिची चरबी शेपटीतच साठते.

पण साल्मोनेला ठणठणीत पालीच्या आतड्यातही राहतो. शी चांगली म्हणजे घर सुरक्षित, असं नाही.

म्हणून तिला हात लावल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवा. पेटी, भांडी स्वयंपाकघरात धुऊ नका. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर पाल न पाळणंच बरं.

आणि जुलाबासाठी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा घरातल्या प्राण्याबद्दल आपणहून सांगा. आम्हीही विचारायला विसरतो.