उसनं शहाणपण

निकाल लागले की आमच्या ऑफिसात पक्षकारांच्या खुर्च्यांवर पालक दिसायला लागतात. "मॅडम, पोरीला लॉला घालावं म्हणतोय. कसं आहे?" मी सांगते, आणि चांगली ऐटीत सांगते. पण त्यातलं निम्म्याहून जास्त शहाणपण उसनं आहे, हे मला ठाऊक असतं. काही आमच्या पुराव्याच्या कायद्याच्या सरांचं, काही एका म्हातारीचं आणि सगळ्यात जास्त नानांचं. नाना वकील नव्हते, प्राध्यापकही नव्हते. साताऱ्याच्या कोर्टात ते एका ज्येष्ठ वकिलांचे कारकून होते.

जे कुठेही कळेल ते आधी उरकते. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, पदवीनंतर तीन वर्षांचा. खुल्या गटाला आधीच्या परीक्षेत किमान ४५ टक्के लागतात. राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी, राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या कोर्ससाठी क्लॅट. महाराष्ट्रात अशी विद्यापीठं तीन: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. तिथली फी अनुदानित कॉलेजच्या कित्येक पट. आमच्या वेळी सीईटी नव्हती. पदवीची मार्कलिस्ट घेऊन रांगेत उभं राहायचं, की झालं.

मग ठरलेला प्रश्न येतो, कॉलेज कोणतं चांगलं? मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ सालचं, १९३५ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राचार्य झाले. पुण्याच्या आयएलएसनं नुकती शंभरी गाठली. कॉलेजचं नाव मोठं असेल तर मोठ्या फर्मवाले मुलाखतीला लवकर बोलावतात, हे खरं आहे. पण "तुम्ही कुठल्या कॉलेजच्या?" असं जिल्हा कोर्टात मला एकाही पक्षकाराने विचारलेलं नाही. नानांचा निकष वेगळाच होता. पुण्यात प्रवेश मिळाल्याचं कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "कॉलेजपासून कोर्ट किती लांब?"

तेव्हा मला तो प्रश्न खुळचट वाटला होता. आता मी तोच विचारते. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. तीन वर्षांच्या कोर्सला निदान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला वीस आठवडे इंटर्नशिप करावी लागते. शिवाय खटले प्रत्यक्ष बघून त्यांची टिपणं लिहायची असतात. कागदावर हे सगळं छान आहे. प्रत्यक्षात बरीच मुलं ओळखीच्या वकिलाकडून सर्टिफिकेट आणतात आणि खटल्याची टिपणं मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवतात. सकाळचं कॉलेज असेल आणि कोर्ट जवळ असेल, तर अकरा वाजता कोर्टात जाऊन बसायला कुणाची परवानगी लागत नाही. बहुतेक सुनावण्या खुल्या असतात. मागच्या बाकावर बसायचं, मोबाईल बंद ठेवायचा. फुकट आहे.

नानांकडे मी पोहोचले ती सुट्टीत. मामांच्या ओळखीचे वकीलसाहेब होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, समोरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाना, हिला जरा फिरवा." झालं, माझं कायद्याचं शिक्षण तिथे सुरू झालं. नानांनी पहिल्या दिवशी दाभण आणि दोरा हातात दिला. दाव्याचे कागद शिवायचे होते. डाव्या बाजूला समास किती सोडायचा, दोरा कुठून ओवायचा, गाठ मागच्या बाजूला का मारायची. कॉलेजात मी कॉन्ट्रॅक्टमधले मोठमोठे निवाडे वाचत होते आणि इथे कागद शिवत होते. मनातून मी फुरंगटले होते. नाना म्हणाले, "पोरी, जो कागद निसटला तो जजसाहेबांच्या पुढे गेलाच नाही. मग त्यात काय लिहिलंय त्याला कोण विचारतो?"

दुसरी गोष्ट निशाणीची. कोर्टात आलेल्या प्रत्येक अर्जाला, कागदाला क्रमांक पडतो. दावा म्हणजे निशाणी १. तात्पुरत्या मनाईचा अर्ज आपल्याकडे परिपाठाने निशाणी ५. महाराष्ट्रातल्या कुठल्याही दिवाणी वकिलाला "पाचचं काय झालं?" असं विचारा, कशाबद्दल बोलताय हे सांगावं लागत नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही. नाना मला नुसती फाईल वाचू देत नसत. आधी रोजनामा वाचायचा. कोणत्या तारखेला कोण हजर, कुणी मुदत मागितली, कोर्टाने काय हुकूम केला, हे सगळं त्या दोन-दोन ओळींत असतं. "फाईल म्हणजे वकिलानं काय म्हटलं, रोजनामा म्हणजे काय झालं," असं त्यांचं म्हणणं. आजही नवी फाईल आली की मी आधी मागची पानं उलटते. ज्युनिअर मुलं हसतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत उपयोगी पडली. लेखी कैफियत तीस दिवसांत द्यायची, फार तर नव्वद दिवसांत, असं आम्ही दिवाणी प्रक्रिया संहितेत शिकलो. पण ते तीस दिवस समन्स बजावल्यापासून मोजायचे असतात आणि समन्स बजावलं जाणं म्हणजे काय, हे मला नानांनी दाखवलं. एका दाव्यात प्रतिवादीचा पत्ता जुना होता. बेलिफ जायचा आणि "सदर पत्त्यावर राहत नाही" असा अहवाल यायचा. तारखांवर तारखा पडत होत्या, दावा जागचा हलत नव्हता. एका सकाळी नाना मला एसटीत घालून त्या गावी घेऊन गेले. स्टँडवर चहा घेतला, सोसायटीत दूध घालायला आलेल्या माणसाशी पावसापाण्याचं बोलले आणि बोलता बोलता प्रतिवादी शेजारच्या वाडीत सासरवाडीला राहतो हे काढून घेतलं. परत येऊन नवा पत्ता कोर्टाला कळवणारी पुरशिस दिली, समन्स निघालं, बजावलं गेलं. त्या दाव्याचा निकाल पुढे काय लागला ते मला आठवत नाही. एसटीच्या खिडकीशी बसून नानांनी पाठकोऱ्या पानावर पेन्सिलने लिहिलेली ती पुरशिस मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

आमचे सर पुण्याचे. पुराव्याचा कायदा शिकवताना ते कलमांचे आकडे पाठ करू देत नसत. एकदा वर्गात त्यांनी एका खरेदीखताची झेरॉक्स फिरवली आणि म्हणाले, "हे तुमच्या पक्षकाराचं. कोर्टाने ते वाचावं म्हणून काय कराल?" कुणी म्हणालं, दाखल करू. "दाखल केलंत. पुढे?" वर्ग गप्प. मग मूळ दस्त कुठे आहे, तो हरवला असेल तर काय, साक्षीदार हयात आहेत का, नोंदणी कार्यालयाची प्रमाणित नक्कल कधी चालते, अशी तासभर उलटतपासणी चालली. सुट्टीत हे नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे सरांचं. फाईलला लागलं म्हणजे सिद्ध झालं, असं नसतं." दोघांची कधी भेट झाली नाही. झाली असती तर छान जमलं असतं, किंवा अजिबात जमलं नसतं.

सरांचं ऋण मला १ जुलै २०२४ ला नव्याने जाणवलं. त्या दिवशी १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, दंडसंहितेच्या जागी न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. खुनाचं ३०२ एका रात्रीत १०३ झालं. मृत्युपूर्व जबानीचं कलम ३२ गेलं, २६ आलं. जन्मभर आकड्यांवर जगलेली मंडळी बार रूममध्ये तक्ते वाटत फिरत होती. मला तक्ता लागला, नाही असं नाही. पण मरणाऱ्याचं बोलणं ऐकीव असूनही कोर्ट का ऐकतं, हे सरांनी शिकवलेलं जसंच्या तसं उपयोगी पडलं.

मी मराठी माध्यमाची. पहिल्या वर्षी इंग्रजी निवाडे वाचताना घाम फुटायचा. हायकोर्ट, सुप्रीम कोर्टाची भाषा इंग्रजी, हे राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमातच आहे, त्यामुळे त्यातून सुटका नाही. पण आपल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे. सर माझ्याकडून प्रत्येक निवाड्याचा सारांश दोन्ही भाषांत लिहून घेत. इंग्रजी तपासत नसत, मराठी तपासत. "पक्षकाराला समजेल असं एकही वाक्य नाही तुझं यात," असा शेरा असायचा. आमच्या आत्याला पोरीने कोर्टात जाणं पसंत नव्हतं. तेही एकदा सरांच्या कानावर गेलं. त्यांनी मला नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींविषयी वाचायला दिलं. १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देऊन आलेल्या या बाईंना इथे वकिली करता यावी म्हणून १९२३ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. आत्याला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग तिनं लग्न केलं का?" तो विषय तिथेच संपला.

म्हातारी एकदाच भेटली. वकीलसाहेबांकडे आली होती, हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीत घरपट्टीच्या पावत्या, लाईटबिलं, सातबारा, रेशनकार्ड, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. जमीन आपलीच, हे सिद्ध करायला तिने हयातभर कागद जपले होते आणि त्यातल्या एकानेही मालकी सिद्ध होत नव्हती. सातबाऱ्यावरच्या नोंदीने हक्क निर्माण होत नाही, हे मी परीक्षेत दहा मार्कांना लिहून आले होते. साहेब मला म्हणाले, "सांग त्यांना." मी सांगितलं. म्हातारी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग नानांना म्हणाली, "ही काय म्हणती?" नानांनी तेच सांगितलं, दुप्पट वेळ घेऊन, मधे पाणी देऊन. आणि पिशवीतून लग्नपत्रिका काढून ठेवली, कारण तिच्यावर नवऱ्याच्या भावांची नावं होती. पुढे वंशावळ लावताना तीच कामी आली.

आता पैशाचं. पालक हा प्रश्न सर्वांत शेवटी, दारात चप्पल घालताना विचारतात. डिग्रीनंतर वकिलीची सनद घ्यायची. अधिवक्ता अधिनियमात तिची फी खुल्या गटाला ७५० रुपये आहे. राज्यांच्या बार कौन्सिलांनी याहून जास्त घेऊ नये, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं. सनद मिळाली की दोन वर्षांत ऑल इंडिया बार परीक्षा पास व्हावं लागतं. टिपा नसलेले बेअर अॅक्ट सोबत नेता येतात, त्यामुळे तिचा फार बाऊ करू नये. "डायरेक्ट जज व्हायचंय" म्हणणाऱ्यांना सांगते, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. म्हणजे वकिली चुकत नाही. आणि वकिलीतली पहिली वर्षं कोरडी जातात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं सुचवलं. सुचवलं. आमच्याकडे ते परिपत्रक पुष्कळांनी वाचलेलं आहे.

माझ्या वेळी तर काहीच नव्हतं. दिवाळीला पाकीट आणि मधूनमधून चहा. सनद मिळाली त्या दिवसापासून नाना मला चारचौघांत "अहो मॅडम" म्हणू लागले. मला ते मुळीच आवडलं नाही, पण ते ऐकेनात. थोड्याच दिवसांत कळलं, ते कशासाठी होतं. साहेब हायकोर्टात असले की तारखा मी सांभाळायची. कॉरिडॉरमध्ये पक्षकार नानांकडे नोटा द्यायला यायचे. नाना हात मागे घ्यायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "आजची तारीख मॅडमनी चालवली. मॅडमची फी मॅडमच्या हातात." कारकुनी स्वतःची त्यातून कमी व्हायची, तरी. माझी मेसची, खोलीची, एसटीच्या पासची सोय कित्येक महिने अशी झाली. साहेबांना हे माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

नाना आता गावी असतात. मागच्या वर्षी ते ऑफिसात आले, धोतर-टोपीत, बगलेत फाईल. शेजाऱ्याने बांध कोरला होता. मोजणी झालेली, नकाशाही होता. मी म्हटलं, "नाना, फीचं बोलायचं नाही." ते म्हणाले, "मग मी दुसरीकडे जातो. फुकट वकील तारखेला येत नाही." शेवटी कोर्ट फी, वकीलपत्राचं तिकीट, टायपिंग आणि माझी फी, सगळं त्यांनी टेबलावर मोजून ठेवलं आणि पावती मागून घेतली. मी मसुदा पुढे केला. चष्मा लावून त्यांनी तो ओळीओळीने वाचला, पेन्सिल मागितली आणि चौथ्या परिच्छेदातल्या चतुःसीमेवर खूण केली. पूर्वेच्या बाजूला ओढा लिहायचा राहिला होता. ज्युनिअरने तो घातला, प्रिंट काढली आणि कागद शिवायला घेतले. नाना उठून तिच्यामागे जाऊन उभे राहिले. निशाणी ५ वर समोरच्याने अजून म्हणणं दिलेलं नाही. परवाची तारीख त्यासाठीच आहे.