आजी होण्याआधी

भिंतीवरच्या फोटोत आजी नेहमी म्हातारीच असते. तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओत जुने फोटो मोठे करून देतात, त्या तसबिरी जरा जवळून पाहाव्यात. सत्तरीचा चेहरा, डोक्यावरून पदर, नजर थेट समोर. आणि खांद्याशी कुणाचा तरी अर्धा हात उरलेला, कारण मूळ फोटो लग्नातल्या घोळक्याचा असतो आणि त्यातून तिला एकटीला कापून काढलेलं असतं. मागचा मांडव पुसून तिथे आकाशी रंग भरतात. तिचा विशीतला फोटो बहुतेक घरांत नसतोच. तेव्हा पैसे नव्हते, पद्धत नव्हती, हे खरं. पण गोष्ट तसबिरीपाशी थांबत नाही. ती गेल्यावर आपण तिच्याविषयी जे बोलतो तेही याच वयापासून सुरू होतं. माया, हातचे लाडू, ओसरीवरच्या गोष्टी, पहाटेचं गुणगुणणं. नातवंडांना कळू लागतं तोवर आजीनं बहुधा पन्नाशी ओलांडलेली असते, आणि आपण तिचं आयुष्य म्हणून जे सांगतो ते त्या आयुष्याचं उत्तरायण असतं. ज्या वर्षांत ती रागावली, अडली, हरली, ठाम राहिली, ती वर्षं आपल्या जन्माआधी उलटून गेलेली असतात. आजीवर जीव असेल तर त्या वर्षांकडे जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी १८६८ सालची. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. मुलगा देवदत्त याला वडिलांचं, म्हणजे नारायण वामन टिळकांचं, चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी आईनं आठवणी द्याव्यात एवढीच त्याची मागणी, आणि त्यातून निघालं ते मराठीतलं एक अव्वल आत्मचरित्र. ते उघडलं की आधी भेटते सोवळ्यानं झपाटलेल्या बापाची पोर. त्या घरात मीठसुद्धा धुऊन घेतलं जाई. मग अकरा वर्षांची नवरी. मग न सांगता उठून निघून जाणाऱ्या कवीची बायको, जिच्या हाती पुढचा महिना कसा काढायचा याचा हिशेब असतो आणि पैसा नसतो. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हाची तिची तडफड, लहान मूल कडेवर घेऊन माहेरच्यांच्या आधारानं काढलेले दिवस, नवऱ्यावरचा राग आणि त्याच नवऱ्याची ओढ, हे सगळं एकाच पानावर शेजारी शेजारी येतं. पुढे टिळकांकडे परतल्यावरही ती लगेच त्यांच्या धर्मात गेली नाही. जात माणसानं केली आहे, या निष्कर्षाला ती स्वतःच्या डोक्यानं, स्वतःच्या वेळेला पोचली, आणि मगच पुढचं पाऊल टाकलं. माझ्या मते मराठी गद्यात बाईच्या विचार करण्याचं इतकं स्वच्छ चित्र फार थोड्या ठिकाणी आहे. हीच कथा केवळ नातवंडांच्या आठवणींतून आली असती तर घर माणसांनी भरून टाकणारी, हसतमुख, ख्रिस्ती म्हातारी तेवढी उरली असती. तीही खरीच होती, पण जलालपूरची पोर तिच्यात दिसली नसती. आणि मला विशेष मोलाचं वाटतं ते असं की, ‘स्मृतिचित्रे’ची संपूर्ण, टिपांसह आवृत्ती सिद्ध केली ती त्यांच्याच नातवानं, अशोक देवदत्त टिळकांनी. आजीच्या मजकुरावर वर्षं, माणसं, गावं तपासत बसणं ही मायेची फार वरची पायरी आहे.

यावर कुणी म्हणेल, नातवंडांनी चरित्रकार का व्हावं? त्यांना माया मिळाली, ते माया सांगतात. त्यात खोटं काय? खोटं काहीच नाही. पण मायेची किंमत ती कुठून आली हे कळल्यावाचून कळत नाही. ज्या बाईला सासरी पहिल्या पंगतीचं ताट कधी मिळालं नाही ती नातवाला आधी वाढते, तेव्हा त्या वाढण्यात तिचा एक निर्णय असतो. तो दिसला नाही तर माया म्हणजे पांढऱ्या केसांबरोबर आपोआप येणारी गोष्ट वाटू लागते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मागचं खणायला गेलं की हाती दुःखच लागतं, आणि प्रेमळ आजीच्या जागी सोशिक आजी बसते; एक साचा मोडून दुसरा घडतो. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय एकच, दुःखापाशी न थांबता तिनं त्याचं काय केलं ते विचारणं. बहिणाबाई चौधरी ऐन तिशीत विधवा झाल्या. पण त्यांच्या कवितेत हात पाहायला आलेल्या ज्योतिषाला दारातूनच परत पाठवणारी बाई आहे, आणि जळगावच्या छापखान्याकडे कुतूहलानं पाहणारी, स्वतः अक्षरओळख नसलेली बाईही आहे. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी ऐकता ऐकता लिहून ठेवलं म्हणून हे वाचलं. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. पुस्तक निघालं १९५२ मध्ये.

लक्ष्मीबाईंना लिहिता आलं, बहिणाबाईंना लिहून घेणारा मुलगा मिळाला. बाकीच्यांचं काय, असं विचारलं तर जात्याकडे बोट दाखवावं लागेल. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि गाणारीचं नाव नि गाव नोंदवलं. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, एक वैरण घालतेय, दुसरी ओढतेय, आणि घरातले पुरुष झोपलेले. त्या तासाला जे बोललं गेलं ते दिवसा बोलता येत नव्हतं: सासूचा जाच, भावानं न पाठवलेलं मूळ, विठ्ठलाशी भांडण, मराठवाड्यातल्या वस्त्यांवर बाबासाहेबांचा अभिमान. ओवीत बोलणारी आजी नसते. ती लेक, सून, बहीण, आई असते. पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला. ते उत्तमच झालं. त्याबद्दल हळहळ करणाऱ्यांशी माझं पटत नाही. मात्र तो बोलण्याचा तास गेला, आणि तसा दुसरा तास घरानं तिला दिला नाही.

आजीला सनावळी कुठे आठवते, असंही म्हणतात. तिची सनावळी वेगळी असते आणि ती पक्की असते. पानशेत फुटलं तेव्हा थोरला रांगत होता. कोयनेच्या भूकंपाला धाकटी पोटात होती. किल्लारीचा धक्का बसला ती गणपती विसर्जनाची रात्र होती. यातलं प्रत्येक वाक्य कॅलेंडरवर लावून पाहता येतं: १२ जुलै १९६१, ११ डिसेंबर १९६७, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. एकदा हे खुंटे रोवले की मधलं आयुष्य त्यांच्याभोवती जमत जातं. काही गोष्टी ती सांगणार नाही. तो तिचा हक्क आहे आणि तिथे थांबावं. पण न सांगणं आणि न विचारलं जाणं यांत फरक आहे, आणि बहुतेक घरांत घडतं ते दुसरं.

आज माण, आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यात पारावर किंवा नातवाच्या दुकानाशी बसलेल्या म्हाताऱ्या १९७२ च्या दुष्काळात ऐन तारुण्यात होत्या. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. हातोडीनं खडी फोडायची, डोक्यावरून माती वाहायची, तान्हं मूल झाडाच्या सावलीला झोळीत, दुपारी सुकडी, घरी मिलोची लाल भाकरी. हजेरीपटावर नाव आणि समोर डाव्या हाताचा अंगठा. त्या कामांच्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ चा, अधिकार म्हणून काम मागता येईल असा. तेव्हा घातलेले पाझर तलावांचे बांध अनेक गावांत अजून उभे आहेत, गाळानं भरलेले, तरी पावसाळ्यात खालच्या विहिरींना पाणी देणारे. कुठला बांध कुणी घातला, कोणत्या मुकादमानं मापात किती खाल्लं, कुठल्या आठवड्याला पगार थकला आणि बायका तहसीलवर कशा गेल्या, हे त्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. त्यांतली सगळ्यात धाकटी आता सत्तरीच्या आसपास असेल.