दुसरी वाट



आज तुम्हाला दोन उंदरांची गोष्ट सांगते. पहिला उंदीर चार पायांचा, मिशीवाला आणि महाखट्याळ. दुसऱ्याला पायच नाहीत, फक्त एक लांबलचक शेपटी. हा दुसरा उंदीर आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या टेबलावर बसून असायचा. ओळखलंत ना? बरोब्बर, माऊस! तर एका रात्री पहिल्या उंदराने दुसऱ्याची शेपटी कुरतडून टाकली. उंदराने उंदराला खाल्लं! पण त्या दिवसापासून मी जे शिकले, ते डी.एड.च्या दोन वर्षांतही शिकले नव्हते.

मी राहते चिखल्याला. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. तुमसर म्हटलं की लोकांना तांदूळ आठवतो आणि चिखला म्हटलं की मँगनीज. हे काळं, जडशीळ खनिज पोलाद बनवताना लागतं. इथे शंभराहून जास्त वर्षांपासून ते जमिनीतून काढतात. आमच्या गावची खाण जमिनीच्या पोटात आहे. जवळच्या डोंगरी बुजुर्गची मात्र उघडी आहे. तिथल्या मँगनीजचा एक प्रकार टॉर्चच्या सेलमध्येसुद्धा वापरतात. म्हणजे तुमच्या घरच्या टॉर्चमध्ये आमच्या तालुक्याचा थोडासा डोंगर असेलही बरं का!

माझी शाळा जवळच्याच एका खेड्यात आहे. दोन शिक्षकांची शाळा. तिसरी आणि चौथी मिळून माझ्याकडे एकोणीस मुलं, आणि कॉम्प्युटर मात्र एकच. मुलांनी मिळून एक वाघाची गोष्ट रचली होती, ती मी त्यावर टाइप करून ठेवली होती. 'आज प्रत्येकाने पडद्यावरून चार-चार ओळी वाचायच्या,' असं मी जाहीर केलं. आपलीच गोष्ट टीव्हीसारख्या पडद्यावर दिसणार म्हणून मुलं नुसती उड्या मारत होती.

चिमणी मात्र उड्या मारत नव्हती.

चिमणी हे तिचं खरं नाव नाही, मी ठेवलेलं आहे. चौथीतली बारीकशी मुलगी. तोंडी गणितं फटाफट सोडवायची, एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगायची. पण फळ्यावरचं वाच म्हटलं, की मान खाली. पुस्तक हातात दिलं तर नाकाला टेकवायची. मी रागावून म्हणायची, "पुस्तक नीट धर!" माझ्या वहीत तिच्या नावासमोर मी दोन शब्द लिहून ठेवले होते: 'वाचन कच्चे'. हे सांगताना आज मला लाज वाटते, पण खरं ते सांगायलाच हवं.

तर कॉम्प्युटर सुरू केला. मागच्या रांगेतून ओरड झाली, "मॅडम, दिसत नाही जी! अक्षरं बारीक आहेत!" मी म्हटलं, थांबा, सेटिंग्जमध्ये जाऊन मोठी करते. सेटिंग्ज म्हणजे कॉम्प्युटरच्या घरातली सामानाची खोली समजा. अक्षरं केवढी हवीत, पडदा किती उजळ हवा, आवाज किती हवा, तारीख-वेळ कोणती, कळफलक मराठी की इंग्रजी, हे सगळं तिथून ठरतं.

या खोलीत जायची मला एकच वाट माहीत होती. पडद्याच्या मोकळ्या जागेवर माऊसचं उजवं बटण दाबायचं आणि जी यादी उघडते तिच्यातून 'डिस्प्ले सेटिंग्ज' निवडायचं. मी माऊस हलवला. बाण जागचा हलेना. आपटून पाहिला. शेवटी तार उचलली, तर अर्धी तार हातात! मुलं खो-खो हसली. माझा चेहरा मात्र उतरला. दुसरा माऊस आणायचा तर तुमसर गाठायला हवं.

मी म्हटलं, "आज राहू द्या. बंद करते."

तेवढ्यात पुढच्या रांगेतून बारीक आवाज आला. "मॅडम, दुसरी वाट नाही का जी?"

चिमणी बोलत होती! "कसली दुसरी वाट गं?"

"माझे बाबा खाणीत जातात ना. ते सांगतात, खाली उतरलं का वर यायला दोन वाटा राहतात. एक बंद पडली तर दुसरीनं यायचं. ह्या कॉम्प्युटरले एकच वाट काहून ठेवली?"

मी गप्पच झाले. ती म्हणाली ते खरं होतं. जमिनीखालच्या खाणीत माणसं कामाला उतरवायची, तर वर येण्यासाठी किमान दोन वेगळ्या वाटा हव्यात, असा खाणींचा नियमच आहे. खाणीच्या गावात राहून मला हे माहीत होतं. पण कॉम्प्युटर शिकताना मी काय केलं होतं? तुमसरच्या क्लासमध्ये सरांनी सांगितलं ते वहीत उतरवलं होतं: 'इथे दाबा, मग इथे दाबा.' पाढे पाठ करावेत तशी वाट पाठ केली. कुठे जायचंय आणि का, ते समजून घेतलंच नाही. पुढे विंडोज बदललं, जुनी चित्रं जागेवरून हलली, तेव्हा मी पुन्हा एकच नवी वाट पाठ केली. आणि आज उंदराने तीही कुरतडली!

मी खुर्ची ओढली आणि मुलांना जवळ बोलावलं. "चला, दुसरी वाट शोधू."

कळफलकावर खाली डावीकडे खिडकीचं चित्र असलेली एक कळ असते. ती दाबली. स्टार्टची यादी उघडली! आता काय? एक मुलगा म्हणाला, "नावच लिहून पाहा ना मॅडम." मी इंग्रजीत एकेक अक्षर टाइप करू लागले आणि मुलं मोठ्याने म्हणू लागली. पाच-सहा अक्षरं होतात न होतात, तोच यादीत सर्वांत वर दातेरी चाकाचं चित्र आलं. एंटर दाबलं आणि खोलीचं दार उघडलं! एकोणीस मुलांनी एवढ्या जोरात टाळ्या पिटल्या, की शेजारच्या वर्गातले सर धावत आले.

आत गेल्यावर पुढे सरकायला टॅबची कळ, वर-खाली जायला बाणांच्या कळा आणि 'हो' म्हणायला एंटर. धडपडत, दोनदा चुकत आम्ही 'सिस्टीम' आणि त्यातल्या 'डिस्प्ले'पर्यंत पोचलो. तिथे 'स्केल' नावाचा रकाना होता, त्यात १०० टक्के लिहिलेलं. मी १५० केलं. पडद्यावरचं सगळंच दीडपट झालं. मागची रांग खूश!

आता वाचन सुरू झालं. चिमणीची पाळी आली. ती उठली, पडद्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखी मान खाली. मी रागावणारच होते. पण मघाशी जिने मला वाट दाखवली, तिच्यावर आवाज चढवायला जीभ वळेना. मी हळूच विचारलं, "काय झालं गं?"

"मॅडम, अजून मोठी नाही होत का अक्षरं?"

माझ्या मनात लख्ख प्रकाश पडला. नाकाला टेकवलेलं पुस्तक, फळ्याकडे बघताना बारीक केलेले डोळे! शेजारचे सर म्हणाले, "खिडकीची कळ आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबून पाहा, भिंग निघतं." दाबलं. खरंच, पडदा भिंगाखाली धरल्यासारखा दिसू लागला. आणखी एकदा दाबलं, अक्षरं आणखी मोठी. एकेक अक्षर लिंबाएवढं झालं.

आणि चिमणी वाचू लागली. न अडखळता, न थांबता. चार ओळी संपल्या तरी थांबेना. वाघ नाल्यावर पाणी प्यायला आला तिथे तिने आवाज बारीक केला, डरकाळी आली तिथे मोठा केला. वर्ग चिडीचूप. तिचं वाचन कच्चं नव्हतं, दोस्तांनो. तिला दिसतच नव्हतं!

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिचे बाबा नुकतेच पाळीवरून आले होते. मी सगळं सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, आमाले वाटे, पोरगी अभ्यासाले कंटाळते." मी म्हटलं, "दादा, चूक माझीही आहे. मलाही तसंच वाटत होतं." पुढच्या आठवड्यात त्यांनी तुमसरला नेऊन तिचे डोळे तपासले. चांगला मोठा नंबर निघाला. चष्मा लावून ती पहिल्यांदा शाळेत आली, तेव्हा दारातच थांबली आणि म्हणाली, "मॅडम, फळ्यावर रेघा आहेत!" चार वर्षं ती त्या फळ्यासमोर बसत होती.

त्या दिवशी घरी जाऊन मी वहीतले ते दोन शब्द खोडले.

मग आम्ही वर्गात एक खेळच सुरू केला: सेटिंग्जच्या वाटा शोधायचा. तुमच्या शाळेत किंवा घरी विंडोज १० किंवा ११ असेल, तर तुम्हीही करून पाहा.

पहिली वाट तर कळलीच: खिडकीची कळ दाबायची, नाव टाइप करायचं, एंटर. दुसरी सर्वांत जवळची: खिडकीची कळ धरून आय दाबायचं, एका झटक्यात दार उघडतं. तिसरी: खिडकीची कळ आणि एक्स, एक यादी उघडते, त्यात एन दाबायचं. चौथी: खिडकीची कळ आणि आर, एक छोटी चौकट येते. तिच्यात इंग्रजीत एम, एस, मग आडवी छोटी रेघ, मग सेटिंग्ज हा शब्द आणि शेवटी विसर्गासारखी दोन टिंबं लिहून एंटर दाबायचं. पाचवी चिमणीची लाडकी: खिडकीची कळ आणि यू. ही वाट थेट त्या कोपऱ्यात नेते, जिथे कमी दिसणाऱ्यांसाठी आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी सोयी ठेवलेल्या असतात. 'यू म्हणजे युक्ती' असं मुलांनी पाठ केलंय. आणि कळफलकावर खिडकीची कळच नसेल तर? कंट्रोल आणि एस्केप एकत्र दाबा, स्टार्टची यादी उघडते.

ही खोली काही कालची नाही बरं. १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आली, तेव्हाच तिच्यात 'कंट्रोल पॅनल' होतं. स्टार्टचं बटण आलं १९९५ साली, विंडोज ९५ बरोबर. २०१२च्या विंडोज ८ मध्ये ते बटण पडद्यावरून काढून टाकलं आणि लोक गोंधळून गेले! २०१५च्या विंडोज १० मध्ये ते पुन्हा आपल्या यादीसकट दिसू लागलं, आणि सामानही हळूहळू नव्या सेटिंग्जच्या खोलीत हलू लागलं. विंडोज ७ असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र कंट्रोल पॅनलच शोधायचं. म्हणजे दारं बदलतात, खोल्या बदलतात. काय हवंय हे ज्याला ठाऊक असतं, त्याला नवं दार सापडतंच.

फक्त दोन नियम पाळा. कॉम्प्युटर दुसऱ्याचा असेल तर आधी विचारायचं. आणि काहीही बदलण्याआधी तिथे काय होतं, ते वहीत लिहून ठेवायचं, म्हणजे परत येता येतं. नको ते झालं तर घाबरून लपवू नका, सांगा.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. मूल वाचत नसेल, फळ्यावरचं चुकीचं उतरवत असेल, टीव्हीला चिकटून बसत असेल, तर रागावण्याआधी एकदा त्याचे डोळे तपासून घ्या. आम्ही मोठी माणसं एकाच वाटेने मुलांकडे जातो आणि ती बंद दिसली, की मुलातच खोट आहे म्हणतो. मीही म्हटलं होतं.

आमच्या टेबलावर आता नवा माऊस आहे. रात्री मी तो आठवणीने कपाटात ठेवते. पण शनिवारी मुलं मला तो बाहेर काढूच देत नाहीत. "आज बिनउंदराचा तास!" असं म्हणून चिमणी कळफलकासमोर बसते, चष्मा नाकावर सरकवते आणि तिसरीतल्या पोरांना वाट दाखवते.

तुम्हाला किती वाटा सापडल्या? मोजा, आणि तुमच्या बाईंना किंवा सरांना दाखवा. त्यांना एखादी ठाऊक नसेलही!