शॉक वेव्ह म्हणजे विजेचा शॉक नव्हे

"डॉक्टर, करंट देणार का?" शॉक वेव्ह थेरपीचं नाव काढलं की बरेच पेशंट हेच विचारतात. आधी ती भीती मनातून काढून टाका. यात अंगातून वीज जात नाही. या दाबाच्या लहरी असतात, आवाजाच्या लहरींच्याच जातीच्या. मुतखडा बाहेरूनच फोडणारं मशीन तुम्ही ऐकून असाल. १९८० साली जर्मनीत म्युनिकला ते पहिल्यांदा माणसावर वापरलं गेलं. तेच तंत्र पुढे कमी ताकदीने हाडं, स्नायूबंध आणि स्नायूंसाठी वापरात आलं.

हे लिहायला निमित्त झाला एक कबड्डीपटू. चढाई करताना त्याच्या मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, अर्धवट फाटला. सोनोग्राफीत आत रक्त साकळलेलं दिसत होतं. तीन आठवड्यांवर संघाची निवड चाचणी, आणि घर त्याच्याच पगारावर चाललेलं. मोबाइलवर एका परदेशी फुटबॉलपटूचा व्हिडिओ दाखवून तो म्हणाला, "सर, याने लवकर बरं होतं ना?"

मी म्हटलं, "आत्ता नको, रक्त साकळलंय. थोडं थांबू." गर्दीची वेळ होती, त्यापुढे मी काही समजावलं नाही. त्याने दहाव्या दिवशी दुसरीकडे जाऊन एक सेशन घेतलं. दुखणं खरोखरच कमी झालं. बाराव्या दिवशी तो पूर्ण वेगाने पळाला आणि स्नायू पुन्हा फाटला, या वेळी जास्त.

मला जे सांगायचं राहिलं ते हे. लहरींचे ठोके बसले की त्या जागच्या वेदनेच्या नसा काही काळ मंदावतात, म्हणून आराम लगेच वाटू शकतो. रक्तपुरवठा वाढून पेशी दुरुस्तीला लागतात असं मानलं जातं, पण ती दुरुस्ती आठवड्यांच्या हिशेबाने चालते. अर्धवट फाटलेल्या स्नायूला साधारण चार ते आठ आठवडे लागतात, मग खेळाडू कितीही मोठा असो.

टाचदुखी किंवा खांद्यात साचलेलं कॅल्शियम अशा जुन्या, हट्टी दुखण्यांत या उपचाराचा अनुभव चांगला आहे. ताज्या फाटलेल्या स्नायूबाबत मात्र अभ्यास थोडे आणि छोटे आहेत. मोठ्या संघांत खेळाडूमागे रोज फिजिओ असतो, वेळोवेळी एमआरआय होतो, पळण्याचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. आपल्याला व्हिडिओत फक्त मशीन दिसतं!

साधारण आठवड्याला एक अशी तीन ते पाच सेशन होतात. प्रत्येक वेळी दोनेक हजार ठोके, दहा-पंधरा मिनिटं. थोडं दुखतं, जागा लाल होते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल किंवा त्या जागी गाठ अथवा जंतुसंसर्ग असेल तर आधी सांगा. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांच्या टोकांवर हे करत नाहीत.

चाचणी हुकली. तो परत आला तेव्हा म्हणाला, "सर, आराम पडला म्हणजे बरं झालं असं वाटलं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. रक्त विरल्यावर फिजिओच्या देखरेखीखाली त्याची चार सेशन झाली, पण खरा भर व्यायामावर ठेवला. गुडघ्यांवर बसायचं, कुणीतरी मागून घोटे घट्ट धरायचे आणि शरीर ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. सध्या घोटे धरायला धाकटा भाऊ बसतो. पुढची चाचणी फेब्रुवारीत आहे.