साबण, पाणी आणि पस्तीस वर्षे

फादर डेमियन यांचे नाव बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. बेल्जियमचे हे धर्मगुरू १८७३ मध्ये हवाईच्या मोलोकाई बेटावरील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत गेले, रुग्णांमध्येच राहिले, त्यांना तोच आजार जडला आणि १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी, तिथेच त्यांचा अंत झाला. या मृत्यूने जग हेलावले. मात्र त्याआधी पाच महिने त्याच वसाहतीत तीन धर्मभगिनी उतरल्या होत्या. त्यांच्या प्रमुख मदर मेरियन कोप पुढे जवळजवळ तीस वर्षे तिथे राहिल्या आणि ८०व्या वर्षी वार्धक्यातल्या आजाराने गेल्या. त्यांना कुष्ठरोग झाला नाही. त्यांच्या हाताखालच्या एकाही भगिनीला झाला नाही. कदाचित याच कारणाने त्यांची कथा मागे राहिली. जे घडले नाही, त्याची बातमी कोण लिहिणार?

आधी ही वसाहत काय होती ते पाहू. १८६५ मध्ये राजा पाचवा कामेहामेहा याच्या राजवटीत कुष्ठरोगाचा प्रसार रोखण्याचा कायदा झाला आणि जानेवारी १८६६ मध्ये पहिले रुग्ण मोलोकाईला नेऊन सोडण्यात आले. जागा निवडली ती नीट विचार करून. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला हजारो फुटांचा उभा कडा. तुरुंगाला भिंत बांधण्याची गरजच उरली नाही. पकडून नेलेला माणूस बहुधा परतत नसे. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, लेकरू तिसरीकडे. हवाईच्या लोकांनी या आजाराला दिलेले एक नाव शरीरावरच्या कोणत्याही लक्षणावरून आलेले नाही, त्याचा अर्थ 'ताटातूट करणारा आजार' असा होतो. आपल्याकडे 'महारोग' म्हणत, त्या शब्दात भय आहे. हवाईच्या शब्दात विरह आहे.

मेरियन यांचा जन्म १८३८ चा, जर्मनीतील हेपनहाइमचा. आई-वडील त्यांना तान्हेपणीच अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे घेऊन आले. शिक्षण आठवीपर्यंत. पुढे वडील आजारी पडले आणि थोरल्या लेकीने कापडगिरणीत नोकरी धरली. व्रतस्थ होण्याची इच्छा फार आधीपासून होती, पण धाकटी भावंडे हाताशी येईपर्यंत ती बाजूला ठेवावी लागली. १८६२ मध्ये, २४व्या वर्षी, त्या सिरॅक्यूजच्या फ्रान्सिस्कन भगिनींत दाखल झाल्या. आठ वर्षांत तिथल्या सेंट जोसेफ रुग्णालयाचा कारभार त्यांच्याकडे आला. त्या काळात रुग्णाला हात लावण्यापूर्वी हात धुणे ही सर्वमान्य रीत नव्हती, अनेक नामांकित डॉक्टरांनाही ते थोतांड वाटे. या रुग्णालयात स्वच्छतेचा आग्रह कडक होता. आणखी एक गोष्ट विशेष आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी रुग्णालय खुले करताना मेरियन यांनी अट घातली, की विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यायचे की नाही हे रुग्णाने ठरवायचे. दानधर्मावर चालणाऱ्या रुग्णालयातील गरीब रुग्णालाही 'नको' म्हणता आले पाहिजे, असे १८७०च्या दशकात मानणारी ही बाई होती. ही अट लक्षात ठेवावी.

१८८३ मध्ये हवाईहून पत्र आले. राजा कालाकाउआच्या सरकारला रुग्णालयासाठी भगिनी हव्या होत्या. ५० हून अधिक धर्मसंघांकडे विनंती गेली आणि होकार एकट्या सिरॅक्यूजहून आला. जाण्यास तयार असणाऱ्या भगिनी ३५ निघाल्या, निवड सहा जणींची झाली. सातव्या स्वतः मेरियन. त्या केवळ घडी बसवून परतणार होत्या. ८ नोव्हेंबर १८८३ रोजी जहाज होनोलुलूला लागले आणि परतीचा दिवस पुढे कधीच उगवला नाही.

होनोलुलूजवळचे काकाआको येथील रुग्णालय म्हणजे खरे तर मोलोकाईला पाठवण्यापूर्वीचे कोंडवाड्यासारखे ठाणे होते. गर्दी, घाण, माश्या, आणि रुग्णांना जनावरासारखे वागवणारा सरकारी व्यवस्थापक. भगिनींनी पहिल्या दिवसापासून फरश्या घासल्या, जखमा धुतल्या. व्यवस्थापकाच्या बाबतीत मात्र साबण उपयोगी नव्हता. मेरियन यांनी सरकारला स्पष्ट बजावले, की एक तर तो जाईल, नाही तर आम्ही सिरॅक्यूजला परत जाऊ. तो गेला. १८८५ मध्ये रुग्णांच्या निरोगी मुलींसाठी कपिओलानी गृह सुरू झाले. राणी कपिओलानीच्या नावाचे हे घर रुग्णालयाच्याच आवारात उभारावे लागले, कारण त्या मुलींना अन्यत्र कोणी दारात उभे करायला तयार नव्हते.

पुढे सरकार बदलले, सक्ती वाढली आणि नोव्हेंबर १८८८ मध्ये मेरियन दोन भगिनींसह मोलोकाईच्या कालाउपापा येथे गेल्या. महिला आणि मुलींसाठीचे बिशप गृह त्यांनी चालवले. तिथले रोजचे काम म्हणजे मलमपट्ट्या, शिवणकाम, भाजीचा मळा, प्रार्थना आणि पुन्हा मलमपट्ट्या. मेरियन होनोलुलूहून चांगले कापड आणि रिबिनी मागवत. मुलींनी टापटीप, हौसेने नटावे, असा त्यांचा कटाक्ष. मरणपंथावर सोडून दिलेल्या मुलीला नवा झगा कशाला, असे विचारणारे तेव्हाही असतीलच. मे १८८९ मध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे लेखक तिथे आठवडाभर राहिले, मुलींबरोबर क्रोके खेळले आणि परत गेल्यावर त्यांच्यासाठी पियानो पाठवला.

भगिनींपैकी लिओपोल्डिना यांच्या आठवणींत नोंद आहे, की आपल्यातील कोणालाही हा आजार होणार नाही, असा दिलासा मेरियन यांनी दिला होता. भाविक चरित्रकार याला दैवी वचन मानतात. इतिहासाच्या अभ्यासकाने इथे जरा थांबावे. हॅन्सन यांना या रोगाचा जिवाणू १८७३ मध्येच सापडला होता, आणि आज ज्ञात आहे की बहुसंख्य माणसांच्या शरीरात या रोगाविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ती असते. म्हणजे श्रेय एकट्या साबणाचेही नाही. पण मग अवघड प्रश्न उभा राहतो. रोग इतका कमी पसरणारा होता, तर हजारो माणसांना कड्याखाली नेऊन टाकले ते कशासाठी?

त्या भयाची लाट मुंबईपर्यंत आली होती. डेमियन यांच्या मृत्यूनंतर लंडनमध्ये निधी उभा राहिला आणि १८९०-९१ मध्ये एक आयोग भारतभर फिरला. संसर्गाचा धोका अल्प आहे, सक्तीच्या विलगीकरणाला आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही १८९८ मध्ये भटक्या, निराधार कुष्ठरुग्णांना डांबण्याचा कायदा झालाच. त्याच सुमारास, १८९० मध्ये, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांनी माटुंग्याला बेघर रुग्णांसाठी आश्रम काढला. तेच आजचे वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय. मराठी इतिहासाच्या वाचकाला हे नाव दुसरीकडूनच ओळखीचे असेल. शाळिग्रामांबरोबर ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह करणारे ॲक्वर्थ ते हेच.

भगिनींकडे पाहताना म्हणून दोन गोष्टी एकत्र धरून ठेवाव्या लागतात. त्यांची सेवा खरी होती. आणि ती सेवा ज्या व्यवस्थेच्या आत चालली ती अन्यायाची होती. स्वच्छ बिछाना आणि मायेचा हात असला की हद्दपारी सुसह्य होते, आणि सुसह्य झालेली हद्दपारी अधिक टिकते, हा आरोप सहज झटकता येत नाही. काउआई बेटावरील कोओलाऊ या रुग्णाने पत्नी पिइलानीपासून दूर जाण्यास नकार दिला. १८९३ मध्ये तो कुटुंबासह दरीत लपला आणि सैन्यालाही हाती लागला नाही. त्याच्या 'नको' म्हणण्याची जागा कायद्यात कुठेच नव्हती. सिरॅक्यूजच्या रुग्णाला तपासणी नाकारण्याचा अधिकार देणाऱ्या मेरियन यांच्या मनात ही विसंगती सलली असेल का? त्यांनी केले ते एवढेच, की जी सुटका देणे हाती नव्हते तिच्या जागी जे देता आले ते दिले. ते थोडे नव्हते, पण ती सुटकाही नव्हती.

९ ऑगस्ट १९१८ रोजी मेरियन कालाउपापा येथेच गेल्या. भगिनींचे काम थांबले नाही. १९४०च्या दशकात सल्फोन औषधे आली, रोग बरा होऊ लागला. सक्तीचे विलगीकरण मात्र १९६९ पर्यंत चालू राहिले. तोवर सुमारे ८,००० माणसे तिथे पाठवली गेली होती. दार उघडल्यावरही अनेकांनी तिथेच राहणे पसंत केले, कारण बाहेर त्यांचे म्हणावे असे घर उरले नव्हते. त्यांच्या सोबतीला भगिनीही राहिल्या.

डेमियन २००९ मध्ये संत झाले, मेरियन २०१२ मध्ये. मेरियन यांच्या अस्थी आधी सिरॅक्यूजला नेल्या गेल्या आणि २०१४ मध्ये होनोलुलूच्या कॅथेड्रलमध्ये परत आणल्या गेल्या. कालाउपापाला गेलेल्या बहुतेक रुग्णांच्या कबरींवर आज नाव नाही. त्या सर्वांची नावे कोरलेले स्मारक उभारण्यास अमेरिकी काँग्रेसने २००९ मध्ये मान्यता दिली.